चार्जर लावलाय, पण बॅटरी चढेना! लॅपटॉप दुकानात नेण्याआधी काय बघाल?

आजचा विषय साधा वाटेल, पण महिन्याचं बजेट कोलमडवणारा आहे. लॅपटॉपला चार्जर लावलाय, कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर प्लगही दिसतोय, तरी टक्के काही वाढत नाहीत. काल २३ होते, आजही २३. किंवा थेट लिहूनच येतं, ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. आणि हे नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री, नाहीतर ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या तासभर आधी होतं.

मग आपण घाबरून दुकानात जातो, दुकानदार लॅपटॉप उलटासुलटा करतो आणि म्हणतो, ‘बोर्ड गेलाय.’ आता बोर्ड खरंच गेलाय का, हे आपल्याला कसं कळणार? तर त्यासाठीच आजचा भाग. स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही. लागेल थोडा धीर, आणि जमलं तर एखाद्या मित्राचा चार्जर.

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या लॅपटॉपला नेमकं काय होतंय? कारण ‘चार्ज होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. पहिला, चार्जर लावला तरी लॅपटॉपला कळतच नाही, लाईट नाही, काही नाही. दुसरा, चार्जरवर लॅपटॉप मस्त चालतो, पण बॅटरी भरत नाही. तिसरा, बॅटरी भरते, पण ६० किंवा ८० टक्क्यांवर जाऊन थांबते.

तिसऱ्यापासून सुरू करू, कारण तो आजारच नाही. लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्क्यांवर ठेवली की लवकर म्हातारी होते. म्हणून कंपन्यांनीच मर्यादा घालायची सोय दिलेली असते. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्वेशन मोड असतो, असुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग असतं, मॅकबुकमध्ये ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग असतं. डेल आणि एचपीमध्येही अशी सेटिंग आहेत, काही मॉडेलमध्ये ती बायोसमध्ये सापडतात. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर आधीच्या मालकाने हे चालू करून ठेवलेलं असू शकतं. तेव्हा आधी तिथे डोकवा. आणि हो, बॅटरी ९६-९७ टक्क्यांवर असताना चार्जर लावला आणि चार्जिंग सुरू झालं नाही, तर तेही बिघाड नाही. उगाच थोडं थोडं भरत बसू नये म्हणून बरेच लॅपटॉप असंच वागतात.

आता पहिला आजार. लाईटच नाही. इथे भिंतीपासून सुरुवात करायची आणि लॅपटॉपकडे यायचं. उलटं नाही. सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा, वीज येतेय का. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो बाजूला ठेवा आणि थेट भिंतीत लावा. हॉस्टेलच्या खोलीत एकाच बोर्डावर चार जणांचे लॅपटॉप, कूलर आणि इंडक्शन असतं, तिथे बोर्ड सैल झालेला असायची शक्यता भरपूर.

मग अडॅप्टर. त्यावर छोटा दिवा असेल तर तो लागतो का बघा. भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंतची वायर बहुतेक वेळा वेगळी निघते. ती काढून घट्ट बसवा. ती खराब असेल तर फक्त तेवढीच वायर बदलून मिळते, अख्खा चार्जर घ्यायची गरज नाही. ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी वायर मात्र पिनेच्या मुळाशी तुटते, कारण आपण ती तिथेच मुडपून बॅगेत कोंबतो. बोटांनी हळूच चाचपून बघा. वायर हलवली की लाईट लागते-विझते? मग चोर सापडला. टेप गुंडाळून महिनोन्महिने वापरू नका. आतल्या आत शॉर्ट झाली तर लॅपटॉपलाही घेऊन जाईल.

आता येतो दुसरा आजार, आणि खरी फसवणूक इथे होते. लॅपटॉप चार्जरवर चालतो, म्हणजे चार्जर चांगला आहे, असं आपण धरून चालतो. थांबा. तसं नसतं.

अडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, समजा १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण ६५ वॉट येतात. तुमचा लॅपटॉप ६५ वॉट मागत असेल आणि तुम्ही ४५ वॉटचा चार्जर लावला, तर लॅपटॉप आधी स्वतःचं पोट भरतो. उरलं तर बॅटरीला देतो. नाही उरलं तर बॅटरी उपाशी. यावर एक सोपी चाचणी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर लावून अर्धा तास ठेवा, मग चालू करून टक्के बघा. बंद असताना चढले आणि चालू असताना चढत नसतील, तर चार्जरची ताकद कमी पडतेय.

टाइप-सीवाल्यांसाठी आणखी गंमत. पिन बसली म्हणजे चार्ज होणारच असं नाही. काही लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतं. पोर्टशेजारी प्लगचं किंवा विजेचं चिन्ह आहे का बघा, किंवा मॉडेलचं मॅन्युअल उघडा. मोबाईलचे बरेच चार्जर ५ किंवा ९ व्होल्टवर काम करतात, लॅपटॉपला मात्र बहुतेक वेळा २० व्होल्ट हवे असतात. केबलही बघावी लागते. साध्या टाइप-सी केबलमधून जास्तीत जास्त ३ अँपिअर जातात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे जायचं तर आत छोटी चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. इअरफोनच्या डब्यातून निघालेल्या केबलकडून ही अपेक्षा ठेवू नका.

आणि आता गोल पिन. डेल आणि एचपीच्या अनेक गोल पिनांच्या मधोमध केसासारखी बारीक सुई असते बघा. तिच्यातून वीज पुरवली जात नाही. ती लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते, की मी इतक्या वॉटचा आहे. ती सुई वाकली, किंवा ओळखीची वायर आत तुटली, तर लॅपटॉपला समोर कोण आहे तेच कळत नाही. मग तो काय करतो? चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरायला नकार देतो. कधी कधी सुरू होताना स्क्रीनवर तसा संदेशही येतो. तो इंग्रजीत असतो, आपण न वाचता एंटर दाबतो.

माझ्या आतेबहिणीचं हेच झालं. ती यवतमाळला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप सेकंडहँड, आत्याने भिशीच्या पैशातून घेऊन दिलेला. चार्जर काढला की लॅपटॉप खटकन बंद. बॅटरी शून्य टक्क्यांवर अडकलेली. दुकानात सांगितलं, मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेनऊ हजार. सोमवारी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि लॅपटॉप दुकानात ठेवायचा चार दिवस. तिचा शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. म्हणाली, ‘दादा, आईला कसं सांगू?’

मी म्हटलं, सांगू नकोस अजून. आधी चार्जर कुठला आहे ते सांग. तर मूळ चार्जर दिवाळीतच गेला होता, त्याजागी बाजारातून स्वस्तातला आणलेला. म्हटलं, वर्गात कोणाकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा चार्जर आहे का बघ. शनिवारी मैत्रिणीकडून आणला. लावला. पाच मिनिटं काहीच नाही, आणि मग १ टक्का. तिने स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं, नुसता फोटो. नवा चार्जर सोळाशेला पडला. परीक्षा मैत्रिणीच्या चार्जरवर झाली.

प्रत्येक वेळी असंच होईल असं मी म्हणत नाही हां. बोर्डावरचं चार्जिंग सर्किट खरोखर जातं, चार्जिंगचा जॅक आतून सैल होतो, आणि तेव्हा दुकानदार बरोबरच सांगत असतो. पण दुसरा योग्य चार्जर लावून बघितल्याशिवाय बोर्डाचं नाव घेऊ द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

बरं, चार्जर बदलूनही फरक नाही. मग पुढची पायरी, रीसेट. लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग बॅटरी बसवा, चार्जर लावा, चालू करा. आतल्या सर्किटमध्ये साचलेली वीज निघून जाते आणि चार्जिंग सांभाळणारी चिप नव्याने सुरुवात करते. बॅटरी आत बंद असलेल्या काही मॉडेलना खालच्या बाजूला एक बारीक भोक दिलेलं असतं, रीसेटसाठी. मॅन्युअलमध्ये खात्री करूनच त्यात पिन घाला, नाहीतर माईकच्या भोकात घालाल.

विंडोजमध्ये आणखी एक करता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, बॅटरीज वर क्लिक करा, तिथे मायक्रोसॉफ्ट एसीपीआय नावाने सुरू होणारी बॅटरीची ओळ दिसेल. ती अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज ती परत आणतं. लॅपटॉप खूप महिने कपाटात पडून होता का? मग चार्जर लावून तासभर वाट बघा. पूर्ण रिकाम्या बॅटरीला सुरुवातीला अगदी थेंब थेंब वीज दिली जाते. मात्र तेव्हा खोलीतच थांबा.

आता बॅटरीची तब्येत. कमांड प्रॉम्प्ट उघडा. पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी असं टाइप करा, मग एक स्पेस, मग स्लॅश, आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हा इंग्रजीत एकच शब्द. एंटर. एक फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही खाली दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. दोन आकडे शोधा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४१,००० आणि दुसरा १६,४००. म्हणजे तुमची बॅटरी नवी असताना जेवढं मावायचं त्याच्या फक्त ४० टक्के आता मावतं. अशा बॅटरीला सेटिंग बदलून तारुण्य येत नाही. बदलायची वेळ झाली. आणि दुसरा आकडा चांगला असेल, तर बॅटरी बदला म्हणणाऱ्याला हा रिपोर्ट दाखवा.

उन्हाळ्याबद्दल आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी खास ऐका. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांदरम्यान चार्ज करायचे असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरची हवाच ४५ ला टेकते. त्यात लॅपटॉप गादीवर, खालची हवेची भोकं बंद, वर गेम चालू. आतली बॅटरी तापली की सर्किट चार्जिंग थांबवतं. हा बिघाड नाही, शहाणपण आहे. लॅपटॉप बंद करा, टेबलावर पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग चार्जर लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात. आत पाणी धरतं.

शेवटची गोष्ट, आणि ही मस्करीची नाही. टचपॅड वर आलाय? क्लिक होत नाही? लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, झाकण नीट बंद होत नाही? मग आत बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे सगळे प्रयोग बंद. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका. आतला गॅस आणि रसायनं पेट घेऊ शकतात. नेऊन द्या दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला विचारा, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

हे सगळं करूनही दुकानात जावं लागलं, तर जाताना चार गोष्टी करा. डेटाचा बॅकअप घ्या, लॅपटॉप चार्जरवर चालतोय तोवरच. वॉरंटी तपासा, लॅपटॉपची जास्त असली तरी बॅटरीची बऱ्याचदा १ वर्षच असते. स्वतःचा चार्जर सोबत न्या. आणि दुकानदाराला ‘चार्ज होत नाही’ असं नुसतं सांगू नका. सांगा, ‘चार्जरवर चालतो, बॅटरी शून्यावर आहे, दुसरा ६५ वॉटचा चार्जर लावून बघितला, रीसेट केला, रिपोर्ट हा.’ बघा, बोलण्याचा सूर लगेच बदलतो. जुना काढलेला पार्ट परत मागा. बिल घ्या.

तर मंडळी, आत्ता हा भाग ऐकताय त्याच फोनवरून एक काम करून ठेवा. आपल्या चार्जरवरच्या त्या बारीक अक्षरांचा फोटो काढा. व्होल्ट, अँपिअर, वॉट, सगळं दिसेल असा. चार्जर हरवला किंवा जळला की दुकानात तोच फोटो दाखवता येईल. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!