वेचता वेचता हाताला लागतं ते

कामं उरकली असतील तर बसा जरा, आणि उरकली नसतील तर हात चालू ठेवा, कान इकडं द्या.

मृग तोंडावर आला की आपल्या प्रवरेच्या पट्ट्यात बायकांचं एक काम ठरलेलं असतं. नांगरट झाली, वखर फिरला की शेतातले दगड वेचायचे. पाटीत भरायचे आणि बांधावर नेऊन टाकायचे. पिढ्यान् पिढ्या वेचतोय तरी संपत नाहीत. आमची सासू म्हणायची, जमीन दगड विते. हे काम बाईचं, मजुरी कमी, आणि कुणी त्याला काम म्हणून धरतही नाही. पण रानातली प्रत्येक ढेप आणि प्रत्येक गोटा आधी आपल्या हातातून जातो, आणि त्या गोट्यांमध्ये कधी कधी भलतंच काही निघतं. आज त्याचंच बोलायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळा निघते ती गारगोटी. चुलीशेजारी दोन गारगोट्या घासून ठिणगी काढायचा खेळ आपण सगळ्यांनीच केलाय. पण विहिरीचं काम चालू असतं तेव्हा यारीनं वर आलेल्या डबरात याहून वेगळं काही दिसतं. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या भोकाभोकांच्या खडकाचा एखादा धोंडा फुटतो आणि आत पोकळी असते. त्या पोकळीत कुणी साखर पेरून ठेवावी तसे खडे चमकत असतात. काही पांढऱ्या सुयांसारखे, काही मोरपिसाच्या हिरव्या झाकेचे, काही फिकट गुलाबी, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. बाया म्हणतात, दगडाला मोहर आलाय.

हा मोहर येतो कसा? आपला हा सगळा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वर आला आणि थरावर थर पसरत गेला. भाताच्या पेजेला बुडबुडे येतात तसे त्यात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा थंड झाला, बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. मग त्या पोकळ्यांत क्षार विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि सावकाश, फार सावकाश, खडे धरले. यातल्या पुष्कळशा खड्यांना झिओलाइट म्हणतात. गुलाबी गड्डा बहुतेक स्टिल्बाइट, पांढऱ्या सुया स्कोलेसाइट. हिरवा खडा अपोफिलाइट, तो झिओलाइटांच्या सोबतीनं सापडतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत तर गडद निळा कॅव्हनसाइट निघाला, त्यासाठी जगभरचे दगडशौकीन वाघोलीचं नाव घेतात. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालय आहे. गटाची सहल शिर्डी-त्र्यंबकला निघाली तर वाटेत तिथं थांबा. आपण बांधावर टाकलेल्या दगडांचे भाऊबंद तिथं काचेत दिवा लावून ठेवलेले दिसतील.

आता पैशाचं बोलू, कारण ते कुणी बोलत नाही. हे खडे विकले जातात, परदेशातही जातात. आमच्या ग्रामसंघातल्या एका विहिरीवर असाच मोहर निघाला. एक व्यापारी मोटरसायकलवर आला आणि एका दिवसाच्या मजुरीएवढे पैसे देऊन दोन घमेली भरून घेऊन गेला. बायांना वाटलं, दगडाचे पैसे मिळाले, काय वाईट! ते दगड पुढं किती हातांतून जातात आणि प्रत्येक हातात त्यांची किंमत किती वाढते, ते त्या विहिरीवर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आता सांगतो, मोहर निघाला की आधी फोटो काढा. खडे उपसून काढू नका, खडकासकट राहू द्या. सुया मोडल्या, टोकं तुटली की भाव गेला. काथ्यानं घासू नका. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवा. आणि एकटीनं दारात सौदा करू नका, गटात आणा, दोन-तीन ठिकाणी विचारा. एक मात्र ध्यानात ठेवा. विहिरीच्या डबरात ओघानं निघालं ते वेगळं, आणि विकण्यासाठी डोंगर पोखरत सुटणं वेगळं. जमिनीखालच्या खनिजावर शासनाचा हक्क असतो, परवानगी लागते. तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही.

हे झालं जमिनीतून निघणारं. दगड वरूनही पडतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात भर दिवसा मोठा आवाज झाला आणि आकाशातून दगड पडले. त्या उल्का होत्या. भूवैज्ञानिकांनी जाऊन तुकडे गोळा केले, तपासले. ओळखायची साधी खूण अशी, की बाहेरून जळल्यासारखी पातळ काळी साल असते, आत राखाडी रंग, हातात घेतला की आकाराच्या मानानं जड आणि चुंबक लावलं तर बहुधा ओढ घेतो. अर्थात आपला काळा दगडही कधी कधी चुंबकाला ओढतो, त्यामुळं प्रत्येक काळा गोटा आकाशातून आलाय असं समजून तहसीलदारांच्या टेबलावर नेऊन ठेवू नका.

आता आपल्याच प्रवरेच्या काठची गोष्ट. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्यानं तिथं एका झुडपाच्या बुडाशी खणलं. खाली लागल्या चार वस्तू, काशाच्या, भरीव ओतलेल्या. एक रथ, दोन बैल जुंपलेला, त्यावर उभा हाकणारा माणूस. रथाची लांबी दीड फुटाच्या आसपास. सोबत एक हत्ती, एक रेडा आणि एक गेंडा. प्रवरेच्या काठी गेंडा! आपण गेंडा पाहिला तो शाळेच्या पुस्तकात. पण हजारो वर्षांपूर्वी ज्यानं तो ओतला, त्याला त्याच्या कातडीच्या घड्या माहीत होत्या. पुढं १९७५ ते १९७९ या काळात पुरातत्त्व खात्यानं दायमाबादला मोठं उत्खनन केलं. आज त्या वस्तूंचे फोटो इतिहासाच्या पुस्तकांत छापले जातात. आम्हाला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पुस्तकात छबू लक्ष्मण भिल्ल हे नाव आहे. ज्याच्या हाताला लागलं त्याचं नाव राहिलं. आपल्यातल्या किती जणींचं राहिलं असतं?

याच्या उलट एक गोष्ट. शेतात मातीचं भांडं लागलं, रांजण लागला की पहिला शब्द तोंडात येतो तो धन. मागोमाग मांत्रिक येतो, अमावास्या येते, लिंबं येतात, कोंबडा येतो. याहून भयंकर काय काय घडलंय ते आपण बातम्यांत ऐकलंय. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं गुन्हा आहे, आणि असं काही गावात शिजत असेल तर पोलीस पाटलांना सांगायला लाजायचं नाही, भ्यायचं नाही.

आणि त्या रांजणात असतं काय? शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं सापडली, चुली सापडल्या, धान्य सापडलं. घरांच्या जमिनीखाली मातीची दोन दोन भांडी सापडली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. उघडली तर आत लहान लेकरांची हाडं. मेलेलं मूल त्या आईबापांनी गावाबाहेर नेलं नाही, घरातच, पायाखाली, जवळ ठेवलं. आम्ही गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, “दोन भांडी, म्हणजे पुन्हा पोटातच घातलं की गं.” तेव्हापासून आमच्याकडच्या बाया मातीच्या भांड्यावर कुदळ घालत नाहीत. जागची वस्तू जागेवर राहिली तरच तिच्यावरून काही कळतं. उचलून बांधावर ठेवली की ती नुसतं खापर होते.

बरं, आणि खरंच नाणी निघाली, दागिना निघाला तर? “गुपचूप बसा, कुणाला सांगू नका,” असं मालक म्हणतो. दिवसाच्या रोजावर आलेली बाई काय बोलणार! म्हणून हे नीट ऐका. याचा कायदा फार जुना आहे, १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर ज्याला सापडलं त्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठं, कोणत्या तारखेला. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि काही महिन्यांनी चौकशी ठेवतात. जुना कुणी हक्कदार पुढं आला नाही, आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर वाटणी कशी? चारातले तीन हिस्से सापडवणाऱ्याला, उरलेला एक जमिनीच्या मालकाला. पुन्हा सांगतो, तीन हिस्से सापडवणाऱ्याला. शासनाला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर त्या ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढा मोबदला देण्याची त्यात तरतूद आहे. आणि दडवलं तर? हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

म्हणजे “गुपचूप बसा” म्हणणारा फायदा स्वतःचा बघतो आणि जोखीम आपल्या गळ्यात घालतो. त्यामुळं काही लागलं की काम थांबवा, चारचौघींना बोलवा, फोटो काढा. अर्ज गटाच्या दोघी-तिघींच्या साक्षीनं लिहा आणि पोच घ्या. तलाठ्यांनी पंचनामा केला तर जिच्या खुरप्याला लागलं तिचं पूर्ण नाव त्यात लिहिलंय का ते वाचून घ्या. “मजूर महिलेस” एवढ्यावर सही करू नका.

आणखी एक वस्तू राहिली, तिच्यासाठी मात्र कुणाला थांबवायचं नाही, सगळ्यांना लांब पळवायचं. खाणीच्या आजूबाजूला, जुन्या विहिरीच्या डबरात बोटाएवढी चकचकीत धातूची नळी दिसते, तिला रंगीत वायरी. ती सुरुंगाची न उडालेली कॅप असते. पोरं तांब्याच्या तारेसाठी उचलतात, दगडानं ठेचतात, आणि बोटं जातात, डोळे जातात. हात लावायचा नाही, ढेकूळ मारायचं नाही. जागेभोवती लांबून काटेरी फांद्या लावा, पोरांना हाकला आणि ११२ ला फोन करा. दगड उचलताना फुरसं आणि इंगळी यांचं तर तुम्हाला सांगायला नको. आधी काठीनं उलटवायचा, मग हात घालायचा.

येत्या शनिवारी ग्रामसंघाची बैठक आहे. हप्त्याचा विषय झाला की अर्धा तास दगडांचा. ज्यांच्या कोनाड्यात, तुळशीपाशी, पोरांच्या डब्यात काही चमकणारं पडलंय त्यांनी घेऊन या. हायस्कूलचे भूगोलाचे सर भिंग घेऊन येणार आहेत. जड असेल तर उचलू नका, मोबाईलवर फोटो आणा आणि शेजारी बांगडी ठेवून काढा, म्हणजे आकार कळेल.