उतारा : रोगी, मांत्रिक आणि समाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘आरोग्य आणि समाज’ या विषयावर बोलावे असे मला सुचविले, तेव्हा प्रथम मी थोडा बिचकलो. मी वैद्य नाही. नाडी पाहणे मला येत नाही आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी समाजशास्त्राचा एक विद्यार्थी आहे. परंतु रोग जसा शरीरात असतो तसा तो घरातही असतो, गावातही असतो. आणि रोगी कोणत्या दाराशी जातो हे पुष्कळदा त्याची नाडी ठरवीत नाही, त्याचा समाज ठरवितो. एवढ्या आधारावर मी आपणांपुढे उभा आहे.

आजच्या विषयासाठी मी एकच शब्द हाती घेतो. तो शब्द म्हणजे ‘उतारा’. आपल्या भाषेत विषावरील औषधाला उतारा म्हणतात. आणि भूतबाधा झालेल्या माणसावरून ओवाळून तिठ्यावर ठेवलेल्या दहीभातालाही उताराच म्हणतात. वैद्याची पुडी आणि मांत्रिकाची परडी यांना भाषेने एकच नाव दिले. शेजारच्या पैठणच्या नाथमहाराजांनी तर विंचवाचे भारूड रचून कामक्रोधाच्या विषालाही उतारा शोधला. भाषा भोळी असते असे कुणी म्हणेल. मला वाटते, ती खरे बोलते. दुखणाऱ्या माणसाला दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट हवी असते : अंगात चढलेले काहीतरी उतरावे.

आता विंचवाचाच दाखला घेऊ. विंचू उतरविणारा मांत्रिक आपल्या खेड्यांना नवा नाही. सुशिक्षित माणूस विचारतो, मंत्राने विष उतरते यावर लोक विश्वास ठेवतातच कसे? मी म्हणतो, विश्वास न ठेवतील तर नवल! समजा, शंभर माणसांना विंचू चावला आणि त्यांपैकी नव्वदांचा दंश मुळातच जिवावरचा नव्हता. कळ काही तासांनी आपोआप ओसरणार होती. ही शंभर माणसे मांत्रिकाकडे गेली, तर काहीही न करता त्याच्या पदरी नव्वद यशे पडतात. उरलेल्या दहांविषयी ‘फार उशिरा आणलेत’ किंवा ‘आयुष्यच तेवढे होते’ असे म्हटले की काम भागते. लोक अनुभवावरच विश्वास ठेवतात. चूक एवढीच होते, की अनुभवाची मोजणी कुणी करीत नाही. आणि जो मरतो तो आपली हकीकत सांगावयास परत येत नाही.

ही मोजणी ज्याने केली तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे हे सांगताना मला आनंद होतो. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. कष्ट करीत शिक्षण घेऊन ते नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. कोकणच्या त्या भागात तांबड्या विंचवाचे दंश नित्याचे होते. भात कापताना, लाकडे उचलताना, अंधारात अनवाणी चालताना विंचू चावे. आणि धडधाकट माणसे, कोवळी मुले एका रात्रीत दगावत.

या तरुण डॉक्टराजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती खाट, कंदील, रक्तदाबाचे यंत्र आणि रात्रभर रोग्याच्या उशाशी बसण्याची तयारी. त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले : उलटी होते, अंगाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून रोगी गुदमरतो. म्हणजे माणूस मरत होता तो नांगीच्या कळेने नव्हे. विषामुळे शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित होत आणि त्या ओझ्याखाली हृदय हतबल होई. मांत्रिक मोजीत होता कळ. मरण येत होते हृदयाच्या वाटेने. कळ ओसरली म्हणून घरी नेलेला मुलगा पहाटे गेला, याचा उलगडा येथे होतो.

ही लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन नावाचे स्वस्त औषध त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या रोग्यांना दिले. ते आकुंचित रक्तवाहिन्या मोकळ्या करते. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते एकदोनापर्यंत खाली आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर त्याच अवधीत ८ जण. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देहेडच्या मातीतून निघालेला हा उतारा जगाच्या वैद्यकात नोंदला गेला.

परंतु मंडळी, येथे थांबलो तर ते एका थोर पुरुषाचे चरित्र होईल. माझा प्रश्न पुढचा आहे. औषध सापडले म्हणून रोगी दवाखान्यात येतोच असे नाही. औषध आणि रोगी यांच्यामध्ये एक वाट असते, आणि ती वाट समाजाच्या शेतातून जाते.

सर्पदंशाचे आकडे पाहा. २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज घरोघर चौकशी करून केलेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने २०११ साली मांडला. त्यांतली शेकडा ९७ खेड्यांतली होती. शेकडा ७७ दवाखान्याबाहेर मेली. आणि सर्वांत मोठा वाटा, शेकडा २५, पंधरा ते एकोणतीस या वयाचा होता. हा आकडा ऐकून आपण क्षणभर थांबावे. वय झालेला माणूस गेला तर घर रडते. वीस वर्षांचा गेला तर घर मोडते. सर्पदंशावरचे प्रतिविष हा काही नवा शोध नाही, ते शंभर वर्षांहून जुने आहे. तरी चारांतले तीन दवाखान्याबाहेर मरतात, तेव्हा उणीव केवळ औषधाची नसते.

मग उणीव कशाची? अडाणीपणाची, असे उत्तर आपण चटकन देतो. हे उत्तर आपल्याला सोयीचे आहे, कारण त्यात आपला दोष काहीच येत नाही. मांत्रिकाच्या दाराशी क्षणभर उभे राहून पाहा. तो रात्री दोन वाजता उठतो. तो हाकेच्या अंतरावर असतो. तो कागद मागत नाही. तो रोग्याला नावाने ओळखतो, त्याच्या आईला धीर देतो, आणि काय झाले ते तिला समजेल अशा भाषेत सांगतो. दवाखाना दूर असतो, रात्री जीप मिळत नाही, मिळाली तर भाडे नसते. आणि तेथे गेल्यावर ‘जिल्ह्याला न्या’ असे ऐकावे लागेल ही धास्ती असते. लोक मंत्र आणि औषध यांत निवड करीत नसतात. ते जवळचे आणि लांबचे यांत निवड करीत असतात.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आठवा. उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता होतो, आणि लेकरे बरोबर. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, आणि जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. परक्या मुलखात, परक्या गावाच्या शिवारात, पोट दुखते आणि पापण्या मिटू लागतात एवढ्यावरून त्या बाईने काय ओळखावे? तेथे ना ओळखीचा मांत्रिक, ना ओळखीचा डॉक्टर. एक खाट आणि एक बॅटरी येथे जीव वाचवू शकते. हे वैद्यकाचे ज्ञान नव्हे, हे राहणीचे ज्ञान आहे. आणि समाजशास्त्राचे खरे क्षेत्र हेच.

आता दुसऱ्या, अधिक नाजूक जागी येतो. त्याच भोकरदन तालुक्यात, बुलढाण्याच्या सरहद्दीवर, जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान आहे. तेथे भाविक जातात तसे मनाने आजारी असलेले, ‘बाधा झाली’ असे म्हटले जाणारे लोकही जातात. अशा स्थानांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात : एक पूजेचा, दुसरा टवाळीचा. तिसरा सूर अभ्यासाचा असतो. वीडा स्कल्टन्स या विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तिच्या ध्यानात आले, की घरातला आजारी माणूस घेऊन येणाऱ्या, त्याची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्याच अंगात पुष्कळदा येते. आणि आपल्या अंगात आल्याने घरच्या माणसाचे दुखणे हलके होईल अशी त्यांची भावना असते. म्हणजे घरातल्या एकाच्या रोगाचा भार दुसरीच्या शरीराने उचलला! ती बाई ढोंगी आहे काय? मुळीच नाही. ती भाबडी आहे असे म्हणून तरी आपण सुटतो काय? आजारी मुलाजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या आईची विचारपूस आपल्या कोणत्या दवाखान्यात होते, हा प्रश्न तिने न बोलता आपल्यापुढे ठेवला आहे.

याचा अर्थ सर्व काही तसेच चालू द्यावे, असा मात्र कुणी घेऊ नये. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळताही आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. श्रद्धेच्या नावाने साखळी आली की समजूतदारपणाची मर्यादा संपते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. त्याआधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. शब्द ध्यानात घ्या : ‘रोखून’. कायदा प्रार्थनेच्या आड येत नाही. वाट अडविणाऱ्याच्या आड येतो. ही रेषा मला योग्य वाटते.

परंतु कायदा वाट अडविणाऱ्याला शिक्षा करील. वाट बांधून देणार नाही. ते काम आपले आहे. जालन्याच्या महाविद्यालयांतील तरुणांना मी एक विनंती करतो. सुटीत गावी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. गेल्या दोनतीन वर्षांत ज्यांना साप किंवा विंचू चावला त्यांच्या घरी जाऊन चारच प्रश्न विचारा. दंश कोठे आणि केव्हा झाला? पहिल्यांदा कोणाकडे गेलात? दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला? आणि तो वेळ कशात गेला? घरच्यांची परवानगी घ्या, नावे उघड करू नका, आणि उपदेश करू नका, ऐका. आणि मांत्रिकालाही भेटा. पुष्कळदा तो त्याच गावचा गरीब माणूस असतो. ‘बाबा, तुझा अंगारा लाव, पण आधी गाडी जोड,’ एवढे जरी त्याने मान्य केले, तरी तो शत्रू न राहता वाटाड्या होईल.

बिरवाडीच्या त्या तरुण डॉक्टराने याहून निराळे काय केले? तो रोग्याच्या उशाशी बसला, त्याने पाहिले, विचारले आणि लिहून ठेवले. ‘लॅन्सेट’ नंतर आले; आधी वही आली. विषाचा उतारा आपल्या हाती आहे. रोग्याला त्याच्यापर्यंत नेणारी वाट अजून पुरती बांधून व्हावयाची आहे, आणि तिच्यावर पंधरा ते एकोणतीस वर्षांची मुले दगावत आहेत.