राजे गेले, रयत राहिली

मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीविषयी एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘माया लोक एकाएकी नाहीसे झाले.’ हे विधान असत्य आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. नाहीसे कोण झाले आणि उरले कोण, हे उमगण्यासाठी त्या समाजातील सत्तेची घडण तपासावी लागते.

इ. स. २५० ते ९०० हा माया संस्कृतीचा अभिजात काळ. आजचा ग्वाटेमाला, बेलीझ, दक्षिण मेक्सिको आणि होंडुरासचा पश्चिम भाग हे तिचे क्षेत्र. तेथे एक साम्राज्य कधीच नव्हते. डझनावारी स्वतंत्र राज्ये होती आणि प्रत्येकाचा राजा स्वतःस ‘कुहुल अहाव’, म्हणजे पवित्र स्वामी, म्हणवीत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची समजूत अशी, की ही नगरे आकाशातील ग्रह न्याहाळणाऱ्या शांतताप्रिय पुरोहितांची होती. १९५८ मध्ये हाइन्रिख बर्लिन यांनी शिलालेखांतील राज्यचिन्हे ओळखली आणि १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकॉव्ह यांनी दाखवून दिले, की त्या लेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि युद्धे यांची नोंद आहे. पुरोहितांच्या स्वप्नभूमीतून सत्तेचा इतिहास बाहेर आला.

या राज्यांत समानता नव्हती. सायमन मार्टिन आणि निकोलाय ग्रुबे यांनी लेखांतील संबंधदर्शक शब्द जुळवून मांडलिकत्वाची एक साखळीच उघड केली. लहान राजा मोठ्या राजाचा ‘याहाव’, म्हणजे ‘त्याचा स्वामी’, ठरे आणि त्याच्या देखरेखीखाली गादीवर बसे. तिकाल आणि कालाकमुल या दोन प्रबळ सत्तांभोवती अशी दोन वर्तुळे उभी राहिली. ५६२ मध्ये तिकालचा पराभव झाला, आणि पुढे सुमारे १३० वर्षे तेथे तारखेचा एकही स्मारकस्तंभ उभारला गेला नाही. ६९५ मध्ये तिकालने कालाकमुलवर विजय मिळवून डाव उलटविला. परंतु जेता पराभूत राज्य क्वचितच खालसा करी. तो खंडणी घेई, सोयरीक जुळवी, बंदिवान नेई. कारभार मात्र स्थानिक घराण्याकडेच राही.

असे का झाले? याचे उत्तर राजांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा उत्पादनव्यवस्थेत शोधावे. माया समाजाकडे ओझे वाहणारी जनावरे नव्हती, गाडीचे चाक नव्हते, धातूची अवजारे नव्हती. मका, घेवडा आणि भोपळा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवरूनच सारा माल वाहिला जाई. धान्य फार दूर नेले तर हमालाच्या पोटातच त्याचा मोठा हिस्सा खर्ची पडे. म्हणून दूरच्या प्रदेशाकडून धान्याऐवजी वस्त्रे, कोको, हिरवा जेड आणि पिसे मागितली जात. बोनाम्पाकच्या भित्तिचित्रांतील एका पोत्यावर ४०,००० कोको बियांची संख्या लिहिलेली असल्याचे संशोधक वाचतात. त्याच वास्तूतील दुसऱ्या दालनात बोटांतून रक्त ठिबकणारे युद्धकैदी रंगविले आहेत. खंडणी आणि दहशत या दोन बाबी तेथे एकाच छपराखाली नांदतात.

मांडलिकत्वाची ही साखळी किती ठिसूळ होती, याचे उत्तम उदाहरण किरिग्वा. ७२५ मध्ये तेथील राजा कोपानच्या अधिपत्याखाली गादीवर बसला. मोताग्वा नदीचे खोरे त्याच्या हाती होते, आणि जेडचा व्यापार त्याच मार्गाने चाले. ७३८ मध्ये त्याने आपल्याच अधिपतीस पकडून त्याचा शिरच्छेद केला. यानंतर कोपानमध्ये चटईच्या नक्षीची एक वास्तू उभी राहिली; अनेक अभ्यासकांच्या मते ती सरदारांचे सभागृह होती. दुबळ्या झालेल्या राजपदाला सरदारांस वाटेकरी करून घेणे भाग पडले असावे.

पुढे दुष्काळ, सततची युद्धे आणि वाढता दरबारी वर्ग यांचा ताण एकत्र आला. पाऊस आणण्याचे श्रेय घेणाऱ्या पवित्र स्वामीला अवर्षणाची जबाबदारी टाळता येत नव्हती. कोपानची ८२२ ची शेवटची वेदी अर्धवट कोरलेलीच राहिली. तोनिनाच्या ९०९ च्या लेखानंतर दीर्घगणनेची तारीख असलेले स्मारक सापडत नाही. दक्षिणेकडील नगरे ओस पडली. पण उत्तरेस युकातानमध्ये मायापानसारखी सत्ताकेंद्रे उदयास आली, आणि शेवटचे स्वतंत्र माया राज्य नोहपेतेन स्पॅनिशांच्या हाती पडले ते १६९७ मध्ये.

सारांश, कोसळले ते राजपद. मका पिकविणारे आणि माया भाषा बोलणारे लोक उरले. आजही त्यांची संख्या लक्षावधींत मोजावी लागते. विमानातून केलेल्या लेझर पाहणीचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ६०,००० हून अधिक वास्तू, बांधलेले मार्ग आणि शेतीसाठी घडविलेल्या जमिनी दाखवितात. त्यांत राजांच्या नावांहून रयतेच्या श्रमांचीच नोंद अधिक आहे.

ज्यांना इतिहासाने ‘नाहीसे’ ठरविले, त्यांचा जमिनीवरचा हक्क नाकारणे सोपे जाते. ग्वाटेमालातील १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. म्हणून भग्न मंदिरांचे कौतुक करताना, मित्रहो, त्या मंदिरांचे दगड पाठीवरून वाहणाऱ्यांचे वंशज अद्याप त्याच भूमीवर उभे आहेत आणि आपला न्याय्य वाटा मागत आहेत, याचे भान सुटता कामा नये.