बाजेखाली लोंबणारा पाय

(वसंत व्याख्यानमालेत बुलढाणा येथे दिलेले व्याख्यान)



काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ३८ वर्षांचा एक शेतमजूर आला. वावरातून घरी येताना शंभरेक पावलांवर पोटरीत कळ यायची, थांबलं की जायची. पुढे बसल्या जागीही पाय ठणकू लागला. बायको म्हणाली, "रातभर झोपत नाहीत जी. पाय बाजेखाली लोंबता ठेवला तरच डोळा लागते यायचा." मी पाय हातात घेतला. थंडगार. घोट्याशी नाडी लागेना. अंगठ्याचं टोक काळं पडलेलं. आणि शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल.

पाय खाली सोडला की रक्त उताराला लागून थोडं तरी बोटांपर्यंत पोचतं, म्हणून त्याला बरं वाटायचं. या दुखण्याला बर्जरचा आजार म्हणतात. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं वर्णन केलं. तंबाखूशी संबंध नसलेल्या माणसात तो जवळजवळ दिसतच नाही.

हे पायापासून सांगतोय, कारण बिडी-सिगारेट म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, कॅन्सर आठवतो. रक्तवाहिनी आठवत नाही. पायात जे डोळ्यांना दिसलं, तशीच कोंडी छातीत आत, न दिसता होते. हृदयाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आतून किती रुंद असते? तीन-चार मिलिमीटर. ज्वारीचा टपोरा दाणा जेमतेम जाईल एवढी. राजूर घाटात एक ट्रक आडवा झाला की वरची-खालची सगळी वाहतूक ठप्प होते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. इथे आडवी होते ती रक्ताची गुठळी.

झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, धमन्या आकसतात. म्हणजे हृदयाला काम जास्त आणि रक्त कमी. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागाच अडवतो. धमनीचं आतलं गुळगुळीत अस्तर खरबरीत होतं, तिथे चरबी साचते, रक्त चिकट होतं. एक दिवस ते अस्तर फाटतं आणि त्यावर गुठळी धरते. त्यालाच आपण ॲटॅक म्हणतो.

लोक मला सांगतात, "साहेब, सिगारेट नाही, साधी बिडी आहे." तेंदूच्या पानातून हवा आत येत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते. तिचा धूर सिगारेटपेक्षा तसूभरही सौम्य नाही. दुसरे म्हणतात, "जेवणानंतर एकच." २०१८ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एकीनेच वाढतो, असं तीत दिसलं. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा! आणि हिवाळ्यात दार लावून खोलीत ओढलेल्या बिडीचा धूर बाळंतिणीच्या, म्हाताऱ्या आईच्या रक्तातही उतरतो. त्यांनी तर काडीही पेटवलेली नसते.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. खाणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. निकोटिन चुन्याबरोबरही रक्तातच जातं.

पण शरीर फार क्षमाशील आहे, हे मी रोज पाहतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. घरच्यांनीच तो लावून द्यावा.

त्या शेतमजुराचा अंगठा आम्हाला काढावा लागला. पण पाय वाचला, कारण त्याने त्या दिवसापासून बिडी सोडली, एकसुद्धा ओढली नाही. पुढच्या पोळ्याला तो बायकोसह आला. मी विचारलं, झोप लागते का? ती हसून म्हणाली, "आता पाय पांघरुणात घेऊन झोपतात जी."