नव्या लॅपटॉपची मेमरी : कमी खर्चाचा विचार

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत निमोणें नांवाचें गांव आहे. अशा शेतीवर चालणाऱ्या गांवांतून आतां मुलें आणि मुली उच्च शिक्षणासाठीं शहरांत जातात, आणि प्रवेशाच्या शुल्कामागोमाग घरासमोर दुसरा खर्च उभा राहतो तो लॅपटॉपचा. ह्याच तालुक्यांत रांजणगांव येथें इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठीं स्वतंत्र वसाहत उभारण्यास केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजुरी दिली. परंतु कारखाना जवळ आला म्हणून यंत्राची जाण घरांत येतेच असें नाहीं. कांद्याच्या पैशांतून काटकसरीनें घेतलेला ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप पहिल्याच सत्रांत अडखळूं लागतो, कोणी सांगतो, “मेमरी वाढवा,” आणि बापास प्रश्न पडतो कीं, आतां आणखी किती? हा प्रश्न निमोण्याच्या शेतकऱ्याचा आहे, तसाच तो शहरांतील पगारदार गृहस्थाचाही आहे. त्याचें उत्तर दुकानांत शोधण्यापूर्वीं घरींच शोधावें, हेंच ह्या भाषणाचें सार होय.

प्रथम मेमरी म्हणजे काय तें पाहूं. लॅपटॉपच्या जाहिरातींत दोन आंकडे असतात. एक ५१२ जीबी आणि दुसरा ८ जीबी. पुष्कळांचा ह्या दोहोंत घोटाळा होतो. पहिला आंकडा साठवणीचा आहे, दुसरा कामाच्या जागेचा. पहिली कणग आहे, दुसरें खळें आहे. धान्य कणगींत कितीही असो, मळणी व्हावयाची ती खळ्यांतच. खळें लहान असेल तर थोडें धान्य आणावें, मळावें, परत ठेवावें आणि पुन्हां आणावें, अशा येरझाऱ्या कराव्या लागतात. यंत्राचेंही तसेंच होतें. मेमरी अपुरी पडली कीं तें कांहीं मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतें. आणि डिस्क कितीही चपळ असली तरी मेमरीच्या मानानें ती फार मंद असल्यामुळें माणसास वाट पाहत बसावें लागतें. पेनड्राइव्ह लावल्यानें मेमरी वाढते ही समजूत ह्याच कारणास्तव चुकीची आहे. कणगीस कणग जोडल्यानें खळें मोठें होत नाहीं.

ह्या मेमरीची मूळ कल्पना अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीचे संशोधक रॉबर्ट डेनार्ड ह्यांची. तिचें पेटंट त्यांस १९६८ सालीं मिळालें. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा अल्प भार धरून ठेवणारें एक सूक्ष्म पात्र, एवढ्यावर एक अंक लक्षांत ठेवावयाचा, अशी ती योजना. हें पात्र गळकें असल्यामुळें तें सेकंदांत अनेक वेळां पुन्हां भरावें लागतें, आणि म्हणूनच वीज जातांच मेमरींतील सर्व पुसलें जातें. १९७० सालीं इंटेलनें विक्रीस आणलेल्या चकतींत असे १,०२४ अंक मावत. आजच्या ८ जीबींत सुमारें ६,८७० कोटी मावतात.

आतां खर्चाकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, मेमरी खरोखर अपुरी आहे काय? विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत परफॉर्मन्स आणि मग मेमरी हें पान पाहावें. तें पाहावयाचें रिकाम्या वेळीं नव्हे, तर विद्यार्थ्याचें नेहमींचें काम चालूं असतां. ८ जीबींपैकीं ५ च वापरांत असतील, तर नवी मेमरी घेणें म्हणजे भरल्या पोटीं जेवण वाढून घेणें होय. वापर सतत नव्वद टक्क्यांच्या घरांत असेल, तर मात्र तक्रार खरी आहे. तथापि तेव्हांही आधीं फुकटचा उपाय करावा. यंत्र सुरू होतांच आपोआप उघडणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करावे, ब्राउझरमध्यें उघडीं राहिलेलीं पानें मिटावीं. कित्येक वेळां एवढ्यानेंच काम भागतें. आणि मेमरी मोकळी असून डिस्क किंवा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडला असेल, तर रोग निराळा आहे. त्यास हें औषध लागू पडणार नाहीं.

दुसरा प्रश्न, मेमरी वाढवतां येते काय? कांहीं लॅपटॉपमध्यें मेमरीची पट्टी खांचेंत बसवलेली असते. ती काढतां आणि घालतां येते. कांहींत मेमरीच्या चकत्या मुख्य पाटीवर डाख देऊन कायमच्या बसवलेल्या असतात. कांहींत थोडी मेमरी पक्की असून शिवाय एक खांच मोकळी ठेवलेली असते. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती खांचा वापरांत आहेत तें बहुधा दिसतें. परंतु त्यावर विसंबून पैसे मोजूं नयेत. यंत्राच्या पाठीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकांत खात्री करावी, आणि जास्तींत जास्त किती मेमरी चालते हेंही तेथेंच पाहावें. पातळ व हलक्या यंत्रांत पक्की मेमरी असणें आतां सामान्य आहे. ॲपलनें २०२० सालापासून आणलेल्या एम-वर्गाच्या लॅपटॉपमध्यें ती मागाहून वाढवतांच येत नाहीं. असें यंत्र घ्यावयाचें असेल तर मेमरीचा निर्णय खरेदीच्या दिवशींच करावा लागतो. नंतर तो कोणत्याही किंमतीस बदलत नाहीं.

तिसरा प्रश्न जुळणीचा. लॅपटॉपची पट्टी सुमारें ७० मिलिमीटर लांब असते. मेजावरच्या संगणकाची सुमारें १३३. म्हणजे एकाची दुसऱ्यास चालत नाहीं. लॅपटॉपच्या पट्ट्यांतही पिढ्या आहेत. डीडीआर ४ च्या पट्टीस २६० संपर्कबिंदु असून ती १.२ व्होल्टवर चालते. डीडीआर ५ च्या पट्टीस २६२ बिंदु असून ती १.१ व्होल्टवर चालते. दोहोंच्या खांचा निरनिराळ्या आहेत. एकीच्या जागीं दुसरी बसणार नाहीं, आणि जोर करून बसवूंही नये. वेगाचेंही भान ठेवावें. दोन पट्ट्या निरनिराळ्या वेगाच्या असल्या तर सामान्यतः दोन्हीही मंद पट्टीच्या वेगानें चालतात. ज्या गाड्यास जुना बैल जुंपलेला आहे, त्याला दुसरा शर्यतीचा बैल विकत घेऊन काय लाभ? यंत्रास जो वेग झेपतो तेवढाच घ्यावा.

खांच मोकळी असेल तर सर्वांत स्वस्त मार्ग सरळ आहे. मूळच्या ८ जीबीच्या पट्टीशेजारीं तशाच जातीची दुसरी ८ जीबीची पट्टी बसवावी. जुनी वायां जात नाहीं, एकूण १६ जीबी होतात, आणि सारख्या दोन पट्ट्यांमुळें ये-जा करण्यास दोन वाटा मिळून चित्रांचें व खेळांचें कामही सुधारतें. दोन्ही खांचांत ४-४ जीबी असतील तर एक काढून तेथें ८ ची घातल्यास १२ जीबी होतात. वाटा सारख्या राहत नाहींत. परंतु थोड्या पैशांत निभावणें असेल तर हा मध्यम मार्ग वाईट नाहीं.

चौथा प्रश्न भावाचा. कमी मेमरीचें यंत्र घ्यावें आणि पुढें स्वस्तांत वाढवावी, असा सल्ला पुष्कळ वर्षें दिला जात असे, आणि तो बहुधा खराही ठरे. २०२५ च्या उत्तरार्धांत चित्र पालटलें. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनीं मेमरीची मागणी वाढवली, उत्पादकांनीं आपली शक्ति त्या किफायतशीर मालाकडे वळवली, आणि घरगुती पट्ट्यांचे भाव झपाट्यानें चढले. जगांतील अशी बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तीनच कंपन्या करतात. त्यांपैकीं मायक्रॉननें डिसेंबर २०२५ मध्यें आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा व्यापार बंद करण्याचें जाहीर केलें. म्हणून नवीन यंत्र घेतांना जुन्या सल्ल्यावर न जातां पाटीवर हिशेब मांडावा. एका बाजूस ८ व १६ जीबीच्या त्याच यंत्रांच्या किंमतींतील फरक. दुसऱ्या बाजूस सुट्या पट्टीचा त्या दिवशींचा भाव, बसवण्याची मजुरी आणि पुण्यापर्यंतच्या खेपेचें भाडें. जी बेरीज लहान, ती वाट आपली.

वापरलेली पट्टी हाही एक मार्ग आहे. तींत झिजणारा फिरता भाग नसतो, त्यामुळें चांगली पट्टी वर्षानुवर्षें टिकते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अशा मालासाठीं ख्यात आहे. परंतु चिठ्ठीवरील आंकड्यावर विश्वास न ठेवतां ती यंत्रांत घालून दाखवण्यास सांगावें, आणि न चालल्यास परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

बसवण्यापूर्वीं एक पथ्य. नव्या यंत्राची हमी चालूं असतांना झांकण उघडलें तर ती राहते कीं जाते, हें उत्पादकाच्या सेवाकेंद्रास पत्रानें विचारून लेखी उत्तर मिळवावें. हमी जाणार असेल तर वांचलेले चार पैसे पुढें महाग पडतील. काम करतांना यंत्र पूर्ण बंद करावें, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगांतील स्थिर वीज जावी म्हणून जमिनीशीं जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. पट्टी तिरपी घालून हलकेच दाबतांच बाजूच्या चिमट्या आपोआप बसतात. डीडीआर ५ असल्यास पहिल्यांदा यंत्र सुरू होण्यास कांहीं मिनिटें लागूं शकतात, घाबरूं नये. त्यानंतर विंडोजचें मेमरी तपासणीचें साधन चालवावें, आणि दोष दिसल्यास मुदतींतच पट्टी परत करावी.

घरच्या मिळकतींतून जो रुपया यंत्रासाठीं निघतो, तो पुस्तकांच्या किंवा खाणावळीच्या रुपयांतूनच निघत असतो. गरज आहे काय, जागा आहे काय, जुळतें काय आणि हिशेब बसतो काय, हे चार प्रश्न ह्याच क्रमानें विचारले, तर पुष्कळ घरांना पहिल्या दोन प्रश्नांतच उत्तर सांपडेल, आणि पैशाचा बटवा बाहेर काढावाच लागणार नाहीं. ज्यांना तो काढावा लागेल, त्यांना किती काढावयाचा तें दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच ठाऊक असेल.