सापडलेली चित्रफीत आणि चालती प्रेते



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही भयपटाचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. वेताळ प्रेतात शिरतो, हे आपण लहानपणी ऐकलेच आहे. झोंबी त्याचाच दूरचा भाऊबंद. वेताळ निदान कोडी तरी घालतो! झोंबीला वाचा नाही, ओळखही नाही.

२००७ साली स्पेनमध्ये जाउमे बालागेरो व पाको प्लाझा यांनी ‘रेक’ हा चित्रपट काढला. अग्निशामक दलासोबत दूरचित्रवाणीची एक वार्ताहर तरुणी बार्सिलोनातील एका इमारतीत जाते. आत साथ पसरते, अधिकारी बाहेरून दारे बंद करतात, आणि तिच्या सोबत्याचा कॅमेरा जे टिपील तेवढेच आपल्याला दिसते. चित्र थरथरते, अंधार होतो. चित्रण करणारा तरी वाचेल का, याचीही शाश्वती उरत नाही. या तंत्राचे सारे बळ तेथे आहे. २०२० साली फरीदाबादेत घराघरांत कोंडलेले आपण शेजाऱ्याच्या खोकल्याने दचकत होतो, तेव्हा ती इमारत आम्हांला परकी वाटेना.

मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ साली आला. त्यात सापडलेल्या फितीचे तंत्र नाही. विनोद आहे, डोंबिवली आहे, आणि उंच संकुल व शेजारची वस्ती यांच्यातील पाण्याचा तंटा आहे. आम्हांला तोच भाग ‘रेक’हून अधिक झोंबला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या फरीदाबादकरांना त्याचे कारण वेगळे सांगावयास नको.