गाऱ्हाणे भावाचे नव्हे, कारभाराचे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले. ते व्हायलाच पाहिजे. मी मात्र दुसऱ्या एका बुडण्यावर बोलणार आहे. भाव बरोबर मिळाला तरी शेतकरी बुडतो, तो कसा, यावर.

माल दिला, पैसे सहा महिन्यांनी आले. अनुदान मंजूर झाले, पण बिल एका सहीसाठी वर्षभर टेबलावर पडून राहिले. पंपाची डिमांड भरली, खांब आले, तार आली नाही. मिरगाला पाहिजे होता तो पैसा दिवाळीला हातात पडला. मधल्या काळात सावकाराचे जे व्याज चढले ते कोणत्या भावात धरायचे? हे नुकसान कुठल्याच हिशेबात येत नाही, कारण आपणच ते कधी मांडत नाही. नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

एखाद्या ठेकेदाराचे बिल सरकारने थकवले तर तो नशिबाला दोष देत नाही. तो म्हणतो, माझ्या धंद्याचे नुकसान झाले. अहो, आपणही धंदाच करतो ना? माल पिकवतो, विकतो, कर्ज काढतो, व्याज भरतो. मग सरकारी खात्याविरुद्धचे आपले गाऱ्हाणे ही दयेची याचना कशी होईल? ती धंद्यातली तक्रार आहे. ती मांडण्याची एक जागा आज सांगतो. तिचे नाव लोकायुक्त.

लोकायुक्त म्हटले की आपल्याला आठवतो तो मंत्र्यावरचा भ्रष्टाचाराचा आरोप. ते त्याचे एक काम झाले. कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत: एक आरोप आणि दुसरे गाऱ्हाणे. आरोप म्हणजे अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले. गाऱ्हाण्यात पैसे खाल्ल्याचे सिद्ध करावे लागत नाही. खात्याच्या वाईट कारभारामुळे माझ्यावर अन्याय झाला किंवा मला विनाकारण त्रास सोसावा लागला, एवढे दाखवले की पुरे. वाईट कारभार म्हणजे काय, तेही कायद्यात लिहिले आहे: अवाजवी, अन्यायाचा, जुलमी किंवा पक्षपाती निर्णय, जाणूनबुजून केलेली हयगय, आणि विनाकारण विलंब. हा शेवटचा शब्द घरी घेऊन जा. विलंब. साहेब प्रामाणिक असेल, एक पैसा खात नसेल, तरी त्याने तुमची फाइल विनाकारण अडवली तर ते गाऱ्हाणे होते.

ही कल्पना मूळची स्वीडनची, १८०९ सालची. आपल्याकडे लोकायुक्ताचा कायदा १९७१ चा, आणि तो अंमलात आला २५ ऑक्टोबर १९७२ ला. आता गंमत बघा. कापूस एकाधिकार खरेदीचा कायदाही १९७१ चाच, आणि १९७२-७३ च्या हंगामात ती खरेदी सुरू झाली. एका कायद्याने सरकार आमचे एकमेव गिऱ्हाईक झाले. दुसऱ्या कायद्याने सरकारच्या कारभाराविरुद्ध दाद मागायची खिडकी उघडली. पहिला कायदा पोराठोरांना पाठ होता. २००२-०३ च्या सुमारास ती मक्तेदारी मोडेपर्यंत तीस वर्षे आम्ही केंद्रावर गाड्यांच्या रांगा लावल्या, हप्त्याहप्त्याने पैसे घेतले. दुसऱ्या कायद्याचे नाव आमच्यापैकी कितीजणांनी ऐकले होते?

आता मुद्द्याचे ऐका. सरकारशी जो निव्वळ व्यापारी व्यवहार असतो, सरकार आणि त्याचे ग्राहक किंवा त्याला माल पुरवणारे यांच्यातला करार, तो या कायद्याने लोकायुक्ताच्या चौकशीबाहेर ठेवला आहे. म्हणजे भाव कमी ठरला, प्रत खालची लावली, कराराच्या अटी जाचक आहेत, हे भांडण तिथे चालत नाही. पण त्याच ओळीत पुढे अपवाद आहे. तक्रार छळवणुकीची असेल, किंवा करारातली जबाबदारी पार पाडण्यात सरकारने बेसुमार विलंब केला असेल, तर दार उघडे आहे.

याचा अर्थ काय? ‘मला भाव कमी दिला’ असे लिहिलेत तर अर्ज परत येईल. ‘अमुक तारखेला माल घेतला, अमुक तारखेपर्यंत पैसे द्यायचे होते, अमुक तारखेपर्यंत दिले नाहीत, तीन वेळा लेखी विचारले, उत्तर नाही’ असे लिहिलेत तर त्यावर चौकशी होऊ शकते. भावाची लढाई रस्त्यावर आणि बाजारात लढायची. कारभाराची लढाई कागदावर. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही हरतात.

अशी चौकशी प्रत्यक्षात कशी होते, याचे एक उदाहरण इंग्लंडचे सांगतो, कारण तिथले तक्रारदारही शेतकरीच होते. २००५ साली युरोपातल्या शेती अनुदानाची पद्धत बदलली. वेगवेगळ्या पिकांची जनावरांची जुनी अनुदाने जाऊन एकच रक्कम द्यायचे ठरले. इंग्लंडमध्ये वाटपाचे काम ‘रूरल पेमेंट्स एजन्सी’ या सरकारी संस्थेकडे होते. अर्जदार सुमारे १,२०,००० होते. मार्च २००६ अखेर ९६ टक्के रक्कम वाटायची असे संस्थेनेच ठरवले होते. मार्च संपला तेव्हा वाटप झाले होते १५ टक्के! जमिनीचे नकाशे चुकलेले, हक्काचा आकडा ठरलेला नाही. शेतकऱ्यांनी बँकेतून उचल केली आणि व्याज भरले. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा पुष्कळ बरा असेल, पण व्याज तिथेही थांबत नाही.

काही शेतकऱ्यांच्या तक्रारी खासदारांमार्फत तिथल्या संसदीय ओम्बुड्समनकडे गेल्या. ॲन अब्राहम नावाच्या बाई त्या पदावर होत्या. अनुदान किती असावे, पद्धत कोणती असावी, हे त्यांनी ठरवले नाही. ते धोरण, त्यांच्या अधिकाराबाहेरचे. त्यांनी पाहिले ते एवढेच, की जे काम करायचे म्हणून संस्थेने अंगावर घेतले होते ते तिने नीट केले का. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा अहवाल आला: कारभार वाईट झाला, त्यामुळे अन्याय झाला, माफी मागा आणि भरपाई द्या. अहवालाच्या नावाचा अर्थ होतो ‘कोरडे सांत्वन’.

तारखा पुन्हा पाहा. पैसे रखडले मार्च २००६ ला, अहवाल डिसेंबर २००९ ला. पावणेचार वर्षे. तेव्हा लोकायुक्ताकडे गेलो की उद्या चेक येईल, असे मी तुम्हाला सांगत नाही. त्याच्या हातात छडीही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे त्याला साक्षीदार बोलावता येतो, कागद मागवता येतात, या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका अधिकार आहे. पण शेवटी तो शिफारस करतो: अमुक मुदतीत हा अन्याय दूर करा. मुदत संपल्यावर महिन्याभरात काय केले ते खात्याने कळवायचे. समाधान झाले नाही तर तो राज्यपालांना खास अहवाल देतो, आणि तो सरकारच्या खुलाशासह विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. जोर आहे तो एवढाच. पण वर्षभर तोंडी टोलवाटोलवी करणाऱ्या साहेबाला पहिल्यांदा लेखी उत्तर द्यावे लागते. लेखी उत्तर हे खात्याचे दुखरे ठिकाण असते, हे लक्षात ठेवा.

आणि आपले दुखरे ठिकाण कोणते? माझेच सांगतो. शेततळ्याचे माझे बिल एका कार्यालयात अडकले होते. मी चौदा महिने चकरा मारल्या. दर वेळी साहेब म्हणायचे, पुढच्या आठवड्यात होईल. माणूस गोड बोलायचा. शेवटी वकिलाकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्या अर्जाची पोच कुठे आहे?’ पोच नव्हती. दुसरा प्रश्न, ‘नुकसान झाल्याचे तुम्हाला कळले कधी?’ गाऱ्हाण्याला मुदत आहे बारा महिन्यांची. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. माझे कारण काय, तर मी साहेबाच्या शब्दावर बसलो होतो. त्या शब्दाचा कागद कुठून आणणार? अर्ज मी टाकलाच नाही. त्या वर्षी पेरणीसाठी एक बैल विकला. त्याला खात्याइतकाच मीही जबाबदार आहे, म्हणून तुमच्यापुढे सांगतो आहे.

तेव्हा आता कामाच्या गोष्टी.

पहिली. यापुढे कोणत्याही कार्यालयात तोंडी चौकशी करायची नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचे आणि पावती जपायची. फाइल कुठे अडली ते कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली विचारायचे.

दुसरी. दार ओळखायचे. राज्याच्या लोकायुक्ताचा अधिकार राज्याच्या खात्यांवर. सीसीआय केंद्र सरकारची आहे, तिथे तो चालत नाही. विजेसाठी २००३ च्या वीज कायद्याने वेगळी वाट केली आहे: आधी कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल. त्याची कार्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत. आणि जिथे कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, तिथे लोकायुक्त सहसा हात घालत नाही.

तिसरी. तक्रार ठरलेल्या नमुन्यात आणि शपथपत्रासह करायची. चौकशी खाजगीत होते, तक्रारदाराचे नाव वर्तमानपत्राला दिले जात नाही, तेव्हा साहेब डूख धरेल म्हणून गप्प बसू नका. ज्याचे गाऱ्हाणे तो हयात नसेल तर त्याचा कायदेशीर वारस तक्रार करू शकतो. हे मी मायभगिनींना मुद्दाम सांगतो. घरधनी गेला म्हणून त्याची फाइल मरत नाही.

आणखी एक. मी सांगितली ती कलमे १९७१ च्या कायद्याची. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने लोकायुक्ताचे नवे विधेयक मंजूर केले आहे. म्हणून अर्ज टाकण्याआधी लागू असलेला नमुना आणि मुदत लोकायुक्त कार्यालयातून लेखी मागवून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक वही आणायची. तीत चार रकाने: कोणते काम, कोणत्या तारखेला अर्ज, पोच आहे की नाही, आज किती दिवस झाले. चौथ्या रकान्यात व्याजही मांडा. ज्याच्या नोंदीला सहा महिने झाले त्याचा अर्ज आपण सगळे मिळून, बारा महिने भरण्याच्या आत, तयार करू. दहा तालुक्यांतून एकाच खात्याविरुद्ध, तारीखवार, पोचेसह अर्ज गेले, तर ते एका माणसाचे रडगाणे राहणार नाही.

सरकारकडे आपले मागणे फार मोठे नाही. जे द्यायचे कबूल केले ते वेळेवर द्या, आणि दिले नाही तर का नाही ते लिहून द्या. हे मागायचा हक्क आपल्याला पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला आहे. पोच घ्यायची तेवढी आपण विसरलो.